साइनच्या पोटातली जीवा

मराठी माध्यमातल्या मुलाची भूमितीची वही उघडून पाहा. कर्ण, लंब, स्पर्शिका, परीघ, महत्त्वमापन असे सगळे शब्द मराठी. मग त्रिकोणमितीचा धडा येतो आणि वहीत अचानक तीन रोमन अक्षरे उतरतात: एस, आय, एन. वाचायचे 'साइन'. साइन म्हणजे काय, असे विचारले तर मूल पटकन सांगते, 'कोनाची संमुख बाजू भागिले कर्ण.' उत्तर अगदी बरोबर. पण तिला साइन का म्हणायचे, असे विचारले तर वर्गात बहुधा एवढेच सांगितले जाते की ते इंग्रजी नाव आहे.

ते नाव मुळात इंग्रजी नाही. लॅटिन 'सिनुस' या शब्दाचे ते कापून लहान केलेले रूप आहे. त्या लॅटिन शब्दाच्या मागे अरबी शब्द आहे आणि अरबी शब्दाच्या मागे संस्कृत. तो संस्कृत शब्द या मुलाने त्याच पुस्तकात, वर्तुळाच्या धड्यात, आधीच पाठ केलेला असतो. तो शब्द म्हणजे जीवा.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतात: एका भाषांतरकाराने चूक केली आणि जीवाचे साइन झाले. मला ते सांगणे अपुरे वाटते आणि थोडे अन्यायाचेही. या प्रवासात हात लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आपापले काम नीट केले होते. तरीही शब्दाचा अर्थ वाटेत सांडला. तो कसा सांडला, हे पाहायचे तर आधी हातात कागद-पेन्सिल घ्यावी लागेल.

एक धनुष्य काढा. वाकलेली काठी वर, ताणलेली दोरी खाली, आडवी. काठी म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. आपण त्याला कंस म्हणतो, जुने ग्रंथकार चाप किंवा धनु म्हणत. दोरी म्हणजे जीवा, म्हणजेच ज्या. अमरकोशात धनुष्याच्या दोरीची नावे एका दमात येतात: मौर्वी, ज्या, शिंजिनी, गुण. हीच नावे आपल्या गणितींनी श्लोकाच्या मात्रा जुळतील तशी हवी तिथे वापरली. दोरीच्या मध्यापासून काठीच्या मध्यापर्यंत सरळ उभी रेघ ओढा. तो बाण. गणितात त्याचे नाव शर. म्हणजे वर्तुळाच्या एका तुकड्यात अख्खे धनुष्य बसले: काठी, दोरी आणि बाण.

आता ज्या वर्तुळाचा हा तुकडा आहे त्याचा मध्य खाली कुठेतरी ठेवा. मध्यापासून काठीच्या एका टोकाला रेघ जोडा आणि दुसरी रेघ सरळ वर, बाणाच्या रेषेत न्या. दोरी मधोमध दुभागली गेली आणि एक काटकोन त्रिकोण मिळाला. त्याचा कर्ण म्हणजे वर्तुळाची त्रिज्या. मध्यापाशी झालेल्या कोनासमोरची बाजू म्हणजे अर्धी दोरी. 'संमुख बाजू भागिले कर्ण' म्हणजे 'अर्धी जीवा भागिले त्रिज्या'. साइन ती हीच. दहावीच्या वहीत जो त्रिकोण एकटा उभा असतो, तो असा धनुष्यातून कापून काढलेला आहे.

जीवा मोजायची गरज आकाशामुळे पडली. ग्रह वर्तुळावर फिरतो असे धरले, की तो किती अंश सरकला यावरून सरळ रेषेतले अंतर काढावे लागते. हे काम आधी ग्रीकांनी केले, हे स्वच्छ सांगायला हवे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या हिपार्कसने जीवांचे कोष्टक केले होते, ते आज उरलेले नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने केलेले कोष्टक मात्र त्याच्या 'अल्माजेस्ट'मध्ये शाबूत आहे. त्रिज्या ६० धरून, अर्ध्या अंशापासून १८० अंशांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या पायरीने एकूण ३६० जीवा त्याने मांडल्या. थक्क करणारे काम. पण त्या सगळ्या अख्ख्या जीवा होत्या. प्रत्यक्ष गणितात लागतो काटकोन त्रिकोण, आणि त्यात बसते अर्धी जीवा. मग दर वेळी कोन दुप्पट करा, कोष्टकात जीवा पाहा, ती निम्मी करा. एकदा केले तर काही नाही, पण पंचांग करणाऱ्याला हे शेकडो वेळा करावे लागते.

भारतातल्या ज्योतिर्विदांनी केलेला बदल दिसायला इतका छोटा आहे की त्याचे मोल पटकन लक्षात येत नाही. त्यांनी कोष्टकच अर्ध्या जीवांचे केले. दुप्पट आणि निम्मे करण्याची कटकट संपली. त्याहून मोठे म्हणजे, वर्तुळावरून लक्ष त्रिकोणाकडे वळले. आजची त्रिकोणमिती त्या अर्ध्या दोरीवर उभी आहे.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या 'आर्यभटीया'त हे कोष्टक आहे, आणि ते एका श्लोकात आहे. श्लोकाची सुरुवात वाचून पाहा: 'मखि भखि फखि धखि णखि ञखि ङखि'. बडबडगीतासारखे वाटते, पण हे आकडे आहेत. आर्यभटाच्या पद्धतीत क म्हणजे १, ख म्हणजे २, असे मोजत म म्हणजे २५. अक्षराला ऱ्हस्व इ लावली की त्याची किंमत शंभरपट. मग 'मखि' उलगडा: म २५ आणि खि २००, मिळून २२५. 'भखि': भ २४ आणि खि २००, म्हणजे २२४. 'फखि' २२२, 'धखि' २१९. पुढे २१५, २१०, २०५, आणि आठवा शब्द 'हस्झ' म्हणजे १९९. असे चोवीस आकडे एका श्लोकात बसवले आहेत. शेवटचे दोन, 'फ' आणि 'छ', म्हणजे २२ आणि ७.

हे आकडे अर्ध्या जीवांमधले फरक आहेत. काटकोनाचे चोवीस समान भाग केले, की एक भाग ३ अंश ४५ कलांचा होतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पहिल्या भागाची अर्धजीवा २२५. दुसऱ्यासाठी त्यात २२४ मिळवा, तिसऱ्यासाठी आणखी २२२. आठ भाग म्हणजे ३० अंश. पहिले आठ आकडे मिळवा:

२२५ + २२४ + २२२ + २१९ + २१५ + २१० + २०५ + १९९ = १७१९

चोवीसच्या चोवीस मिळवले की ९० अंशांची अर्धजीवा येते, ती ३४३८. ही अर्थात वर्तुळाची त्रिज्याच, कारण काटकोनापाशी अर्धी दोरी त्रिज्येएवढी होते. ३४३८ हा आकडा हवेतून आलेला नाही. वर्तुळाच्या परिघाचे ३६० अंश म्हणजे २१,६०० कला, त्यांना दोन पायने भागले की जवळपास ३४३८ येतात. आर्यभटाने कोन आणि जीवा, दोन्ही एकाच मापाने मोजल्या. आता १७१९ ची दुप्पट करा. ३४३८. तीस अंशांची साइन बरोबर अर्धी असते, हे दहावीत पाठ केलेले वाक्य पंधराशे वर्षांपूर्वी 'मखि भखि' म्हणत पाठ होत होते. मला स्वतःला ही बेरीज पहिल्यांदा जुळली तेव्हा वही बाजूला ठेवून नुसते बसून राहावेसे वाटले होते.

या श्लोकाचा शेवटचा शब्द आहे 'कलार्धज्याः', म्हणजे कलांमध्ये दिलेल्या अर्धज्या. पूर्ण नाव असे अर्धज्या किंवा ज्यार्ध. पण रोज वापरातले नाव कोण पूर्ण म्हणतो? टपरीवर 'कटिंग चहा द्या' म्हणायची गरज राहत नाही, 'दोन कटिंग' पुरते. तिथे चहा हा शब्द गळाला आणि अर्धेपणा उरला. इथे उलटे झाले. 'अर्ध' गळाला आणि 'ज्या' उरली. ज्योतिषाच्या ग्रंथांत ज्या किंवा जीवा म्हटले की अर्धीच समजायची, अशी रीत पडली. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज या सोयीत आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

आपल्या रोजच्या मराठीत या ज्येची आणखी दोन अपत्ये आहेत. पहिले, त्रिज्या. हा शब्द आपण व्यासाच्या निम्म्यासाठी वापरतो, पण त्यात 'तीन' कुठून आले? राशिचक्राच्या बारा राशी, एकेक राशी ३० अंशांची. तीन राशी म्हणजे ९० अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या, आणि ९० अंशांची ज्या म्हणजे वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतचे अंतर. नाव अगदी चोख आहे, फक्त त्यातल्या राशी आपण विसरलो. दुसरे अपत्य, कोटिकोन. ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश, ते एकमेकांचे कोटिकोन. कोटी म्हणजे धनुष्याचे टोक. कोटिकोनाची ज्या ती कोटिज्या, म्हणजे आजची कोसाइन. ही जोडी पुढे युरोपात पुन्हा भेटेल.

आता बगदाद. अब्बासी खलिफा अल-मन्सूरने ७६२ मध्ये हे शहर वसवले. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातला ग्रहगणिताचा एक सिद्धान्तग्रंथ त्याच्या दरबारी पोहोचला आणि त्याचे अरबी रूप झाले. त्या परंपरेचे नावच 'सिंदहिंद' पडले. सिद्धान्त या शब्दाचा अर्थ लावत न बसता त्यांनी त्याचा आवाज उचलला. ज्येच्या बाबतीतही तेच झाले, पण तिथे कारण पक्के होते.

अरबीत धनुष्याच्या दोरीला, वाद्याच्या तारेला 'वतर' म्हणतात. टॉलेमीची पूर्ण जीवा सांगायला अरबी गणिती हाच शब्द वापरत. म्हणजे जीवा या शब्दाचे सरळ, अचूक भाषांतर होते 'वतर', आणि ते आधीच दुसऱ्या कामाला लागलेले होते! अर्ध्या जीवेलाही वतर म्हटले असते तर एकाच नावाच्या दोन लांब्या झाल्या असत्या, एक दुसरीच्या दुप्पट. मग जीवा हा परका शब्दच ठेवून घेणे शहाणपणाचे होते. अरबीत 'व्ह'चा उच्चार नाही, त्या जागी 'ब' आला. जीवाचे झाले 'जीब'.

अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'जीब' लिहिला जातो जीम, या, बा या तीन अक्षरांनी. नेमक्या याच तीन अक्षरांनी अरबीतला अस्सल शब्द 'जैब' लिहिला जातो. जैब म्हणजे अंगरख्याच्या गळ्यापाशी, छातीवर पडणारा घोळ, त्यातली पोकळी. हिंदीतली जेब ती हीच. 'जीब' हा उच्चार अरबी कानाला काहीच सांगत नव्हता, 'जैब' मात्र घरोघरचा शब्द. पानावर अक्षरे तीच. वाचणारा जिभेवर रुळलेला शब्द उच्चारणार, हे उघड आहे. होता होता अरबी गणितींमध्ये जैब हेच अर्ध्या जीवेचे नाव रूढ झाले आणि त्याचे अरबी व्याकरणाप्रमाणे अनेकवचनही होऊ लागले, 'जुयूब'. कपड्याच्या घोळाचा भूमितीशी संबंध काय, हा प्रश्न तिथे कुणाला अडवत नव्हता. आपण तरी त्रिज्या म्हणताना कुठे राशी मोजतो?

इथे 'ध'चा 'मा' झाला, असे म्हणायचा मोह मराठी माणसाला होणारच. पण त्या कथेत आनंदीबाईने अक्षर मुद्दाम फिरवले असे सांगतात. इथे एक अक्षरही फिरले नाही. तीनही अक्षरे जशीच्या तशी राहिली, फक्त त्यांच्यामधला न लिहिलेला स्वर बदलला.

१०८५ मध्ये स्पेनमधले तोलेदो शहर कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाच्या हाती आले. शहरातले अरबी ग्रंथ तिथेच राहिले आणि पुढच्या शतकात युरोपभरातून विद्वान ते वाचायला येऊ लागले. त्यांतला एक इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड. टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' त्याला वाचायचा होता, तो लॅटिनमध्ये मिळेना, म्हणून तो तोलेदोला आला, अरबी शिकला आणि तिथेच राहिला. ११८७ मध्ये तो वारला तोवर त्याने सत्तरांहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले होते. अशा माणसाला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सिनुस हा शब्द या अर्थाने आधी कुणी लिहिला, याचे श्रेय कुणी जेरार्डला देतात, कुणी त्याच्या थोडा आधीच्या रॉबर्ट ऑफ चेस्टरला. काळ मात्र हाच, बारावे शतक.

त्यांच्यापुढच्या अरबी पानावर 'जैब' होते. अरबी गणितीही तो शब्द जैब असाच म्हणत होते. जैबचे लॅटिन काय? सिनुस. रोमन माणूस अंगाभोवती जो टोगा गुंडाळे, त्याचा छातीवर पडणारा घोळ म्हणजे सिनुस. त्यात वस्तू ठेवता येत. आपल्याकडे बायका ओच्यात चिंचा-बोरे घेऊन येत, तसा तो रोमन ओचा. जैबला याहून चपखल लॅटिन शब्द सापडला नसता. भाषांतर बिनचूक होते. चुकायचे ते त्याआधीच, कुणालाही न कळत, दोन अक्षरांमधल्या रिकाम्या जागेत घडून गेले होते.

सिनुस या शब्दाचे लॅटिनमधले गोत मोठे आहे. घोळ, पोकळी, कुशी, आत वळलेला किनारा, हे सगळे त्यात येते. जुन्या लॅटिन नकाशांवर इराणचे आखात 'सिनुस पेर्सिकुस' आहे आणि बंगालचा उपसागर 'सिनुस गंगेटिकुस'. चंद्राच्या नकाशावर 'सिनुस इरिडुम' आहे, इंद्रधनुष्यांची खाडी. सर्दी मुरली की डॉक्टर ज्या सायनसचे नाव घेतात, त्या कवटीतल्या पोकळ्यांचे नावही हेच. नाकाचा सायनस आणि गणिताची साइन हे एका शब्दाचे दोन उच्चार आहेत, हे कळल्यावर मला बरेच दिवस डोकेदुखीत आणि त्रिकोणमितीत नाते दिसत होते.

जेरार्डचा जन्म १११४ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचाही १११४ चा, शके १०३६. आपल्या सह्याद्रीच्या कुशीत राहून त्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला, आणि त्यात ज्या कशी काढायची यावर 'ज्योत्पत्ती' नावाचे प्रकरण लिहिले. दोन कोनांच्या बेरजेची ज्या कशी काढायची, तो नियम त्यात आहे. आज अकरावीत मुले साइन ए अधिक बी चे सूत्र पाठ करतात, ते हेच. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख तिथल्या देवळात आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, मठाला कोणत्या मालावर काय मिळावे याचा तपशील देणारा. म्हणजे मराठी दगडावर लिहिली जात होती त्या काळात खानदेशात ज्या शिकवली जात होती आणि तोलेदोत तीच ज्या कपड्याचा घोळ म्हणून वहीत उतरत होती. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

धनुष्याच्या बाकीच्या भागांचे काय झाले, हे पाहिले की दोरीचे दुर्दैव अधिक ठळक दिसते. बाणाकडे पाहा. संस्कृतात शर. अरबीत त्याचे झाले 'सहम', अर्थ बाण. लॅटिनमध्ये 'सागित्ता', अर्थ पुन्हा बाण. काठीचेही तसेच: चाप, अरबी 'कौस', लॅटिन 'आर्कुस', तिन्हींचा अर्थ धनुष्य. इंग्रजीतला आर्क त्यातूनच आला. काठी आणि बाण अर्थाने प्रवास करत गेले आणि तिन्ही भाषांत शाबूत राहिले. दोरी तेवढी आवाजाने गेली, कारण तिचे अर्थाचे नाव तिच्याच मोठ्या बहिणीने, पूर्ण जीवेने, आधी घेतले होते. त्या बहिणीचे लॅटिन नाव 'कॉर्डा', मुळात ग्रीक वाद्याची तात. इंग्रजीत ती कॉर्ड म्हणून दोरीच राहिली.

पुढचा प्रवास मुख्यतः छपाईचा आहे. जर्मन गणिती रेगिओमोंटानुसने १४६४ मध्ये त्रिकोणांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो छापला गेला १५३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी, आणि युरोपात सिनुस हा शब्द घट्ट बसला. १५८३ मध्ये टॉमस फिंके या बावीस वर्षांच्या डॅनिश तरुणाने टँजन्स आणि सेकन्स ही नावे आणली. ती सरळ अर्थाची आहेत: वर्तुळाला स्पर्श करणारी आणि वर्तुळाला छेदणारी. आपल्या स्पर्शिका आणि छेदिका त्याच अर्थाच्या. फिंकेच्या पुस्तकात या नावांची तोडलेली रूपेही दिसतात, आणि तोडल्याची खूण म्हणून पुढे पूर्णविराम असे. सिनुसचे शेपूट गळून तीन अक्षरे आणि एक टिंब उरले.

१६२० मध्ये लंडनच्या एडमंड गुंटरने कोसाइनचे नाव बांधले. कोन ९० अंशांना पूर्ण करणारा दुसरा कोन लॅटिनमध्ये 'कोम्प्लेमेंटुम', त्याचा सिनुस म्हणून 'को-सिनुस'. आपली कोटिज्या अगदी याच विचाराने बनली होती, कोटिकोनाची ज्या. मात्र 'को' आणि 'कोटी' यांचे ध्वनी जुळतात म्हणून एक दुसऱ्यातून आला असे कुणी सांगितले तर मानू नका. तो निव्वळ योगायोग आहे. विचार एक, शब्द दोन. याच गुंटरने जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी केली. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, त्या साखळीच्या बरोबर निम्मी. सातबाऱ्यावरच्या गुंठ्याचे गणित आणि कोसाइनचे नाव असे एका माणसाच्या टेबलापाशी येऊन भिडते.

शेवटचा मोठा बदल स्विस गणिती लिओनार्ड ऑयलरचा. तोपर्यंत साइन ही लांबी होती, आणि ती किती, हे वर्तुळ किती मोठे धरले त्यावर ठरे. टॉलेमीची त्रिज्या ६०, आर्यभटाची ३४३८, युरोपीय कोष्टकांत तर लाखांच्या घरात. त्या त्रिज्येला लॅटिनमध्ये नाव होते 'सिनुस तोतुस', संपूर्ण सिनुस, म्हणजे काटकोनाचा सिनुस. हीच आपली त्रिज्या, तीन राशींची ज्या! ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात ती सरळ १ धरली. त्यामुळे साइन लांबी राहिली नाही, गुणोत्तर झाली, आणि ती आकाशापुरती न राहता जिथे जिथे काही लयीत मागेपुढे होते तिथे वापरता येऊ लागली. घरातल्या दिव्याला मिळणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा साइनच्याच वळणाने वरखाली होते.

हे सगळे ऐकून 'साइन आमचीच' म्हणून छाती फुगवणारे भेटतात. त्यांना मी दोन शब्द दाखवतो. केंद्र आणि लिप्ता. आपल्या ज्योतिषग्रंथांत कलेला लिप्ताही म्हणतात, ते ग्रीक 'लेप्टोन'. केंद्र हे ग्रीक 'केंट्रोन'. ते केंद्र आपण इतके आपले केले की राज्यघटनेपासून आरोग्य केंद्रापर्यंत त्याच्यावाचून आपले पान हलत नाही. जीवा बाहेर गेली, केंद्र आत आले. वर्तुळाची जीवा संस्कृत आणि वर्तुळाचे केंद्र ग्रीक, दोन्ही एकाच आकृतीत, एकाच मुलाच्या वहीत.

माझी एकच विनंती आहे, आणि ती शिकवणाऱ्यांना. त्रिकोणमितीचा पहिला तास सुरू करताना फळ्यावर आधी त्रिकोण काढू नका. वर्तुळ काढा, त्यात जीवा ओढा, तिला मुलांनी दिलेले नाव लिहा, मग ती मध्यापासून लंब टाकून दुभागा. तिची अर्धी बाजू रंगीत खडूने गिरवा आणि तिच्याशेजारी ती तीन रोमन अक्षरे लिहा. पाच मिनिटे लागतात. आणि वेळ उरला तर श्लोकाचे पहिले बारा शब्द घ्या, ४५ अंशांपर्यंतचे. १७१९ मध्ये १९१, १८३, १७४ आणि १६४ मिळवायला सांगा, म्हणजे २४३१ येतील. त्याला ३४३८ ने भागायला लावा आणि कुणाला तरी कॅल्क्युलेटरवर साइन ४५ दाबू द्या. दोन्हीकडे ०.७०७१ दिसेल.